पंख आणि छत्री

मोहनच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे भास्कररावांना कुकरची शिट्टी काढताना आठवलं, आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. पुण्याहून नीला होती, मोहनची मुलगी.

"काका, बाबांना काल आयसीयूत हलवलं."

शिट्टी भास्कररावांच्या चिमटीतच राहिली. ती तापलेली आहे, हे त्यांना जरा उशिराच कळलं.

"बोलतोय का?"

"मास्क आहे. आम्हाला आत सोडत नाहीत. संध्याकाळी एक सिस्टर फोन करतात, त्यांच्याकडून निरोप जातो, तेवढंच. आणि बाबा काय विचारतात, माहितीये? घरी कधी सोडणार, वगैरे काही नाही. कागदावर लिहून दाखवतात, 'भास्क्याचं पत्र आलं का?'" नीला हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "काका, तुम्ही हरलात एवढंच म्हणा ना. सिस्टर त्यांच्या कानात सांगतील."

"संध्याकाळच्या आत कळवतो," भास्करराव म्हणाले.

दोघांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात झाली होती. तिथे पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटा बनत. आच सोसणं हाच धंदा. त्यामुळे अंगावर हजारो हलक्या फरश्या चिकटवलेलं ते पंखवालं अंतराळयान पहिल्यांदा जमिनीवर उतरलं, तेव्हा भास्करराव त्याच्या प्रेमातच पडले. वर जायचं, विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं, पुन्हा जायचं! मोहनला ते मुळीच पटलं नव्हतं.

"जिथे हवाच नाही, तिथे पंख नेतोस कशाला? लग्नाला जाताना नांगर घेतोस का खांद्यावर? माणसं डब्यात बसव, येताना छत्री उघड. संपलं."

"तुझा डबा एकदा वापरला की भंगारात. दुसऱ्यांदा माणसं घालून उडवून दाखव, मग बोलू."

एवढं बोलतानाही भास्कररावांची जीभ अडखळे. ते पाहून मोहननेच नियम केला होता: तोंडी मुद्दा धरायचा नाही, जे काय ते कागदावर. खात्यात दोन टेबलांच्या अंतरावर बसून ते एकमेकांना पत्रं लिहीत, शिपायाकरवी पाठवत. निवृत्तीनंतर तीच पत्रं पोस्टाने जाऊ लागली. एकदा मात्र ते पंखवालं यान परतताना, घर जवळ आलेलं असताना, आकाशातच फुटलं. आत सात माणसं होती. उड्डाणाच्या वेळीच पंखाला मार लागला होता. जमिनीवरून लक्ष ठेवणाऱ्या काही लोकांना शंकाही होती, पण कुणाच्या हातून काही झालं नाही. मोहनने त्या साली एकही पत्र लिहिलं नाही. पुढेही तो मुद्दा त्याने कधी काढला नाही.

भास्करराव परदेशात, पॉइंट कुकला लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि कोरोनाने जग बंद झालं. गेल्या ख्रिसमसला मोहनचं पत्र आलं. नवा डबा दोन माणसं घेऊन छत्रीने अलगद समुद्रात उतरला होता. 'पंख मिटले, भास्क्या. लिहून दे.' भास्कररावांची दुसऱ्या उड्डाणाची अट तेव्हा शिल्लक होती, म्हणून ते आरामात होते. या एप्रिलमध्ये तोच डबा नवी माणसं घेऊन पुन्हा वर गेला. ते त्यांनी लॅपटॉपवर पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

चारुता हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली. तिने त्यांचं बोट नळाखाली धरलं.

"चारू, मला तिकडे जाता येईल का गं?"

"बाबा, फ्लाइट्स बंद आहेत. इथे आपल्याला पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नाहीये."

"आणि जाऊन तरी मी काय करणार म्हणा."

"मग सांगून टाका ना काकांना, हरलो म्हणून. यात कसला आलाय इगो?"

"हरलोच आहे. एप्रिलमध्येच."

"मग?"

भास्कररावांनी नळ बंद केला. "त्याला तेवढंच ऐकायचं राहिलंय," ते म्हणाले. "ऐकलं, की मग कशाची वाट बघेल तो?"

दुपारी त्यांनी नीलाला फोन केला. "त्याला म्हणावं, तोंडी मुद्दा धरायचा नाही. उत्तर पोस्टात टाकलंय."

"निदान फोटो पाठवा, काका. मी वाचून..."

"फोटो नको. नियम त्याचाच आहे."

"आणि तोवर बाबा..."  आपण हे भलतंच तर करत नाही ना, असं भास्कररावांना विचारावंसं वाटलं. पण विचारायचं ते मोहनलाच.

"वाट बघ म्हणावं," ते कसेबसे म्हणाले.

मग ते खरोखरच लिहायला बसले. 'डबा दुसऱ्यांदा गेला. तुझं खरं. मी हरलो.' त्याखाली त्यांनी आणखी लिहिलं: 'पण त्या पंखवाल्याची एकेक फरशी हाताने तपासून त्याला पुन्हा उडवणारी माणसं आधी होऊन गेली नसती, तर तुझा डबा दुसऱ्यांदा उडवायची छाती कुणाला झाली असती?' हे खोडावं असं वाटलं. मोहन चवताळेल अशी एक तरी ओळ हवी, म्हणून राहू दिलं.

पोस्टात प्लास्टिकच्या पडद्याआड मास्क लावलेली बाई होती. चारुताने पैसे द्यायला कार्ड पुढे केलं. "एक्सप्रेस, प्लीज. इंडिया."

"नो," भास्करराव म्हणाले. इथल्या कुठल्याही खिडकीवर ते आजवर स्वतःहून बोलले नव्हते. "ऑर्डिनरी."

"शुअर, मेट? हल्ली महिनेसुद्धा लागतात," अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

"बाबा, ऐकलंत ना? महिने!"

"लागू देत."

तिकीट त्यांनी स्वतः चिकटवलं. बाहेरच्या लाल पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी हात सोडला.