नावाला मालकीण

खराडीचा फ्लॅट कुणाचा, असं मांजरी गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळायचं: हिंदुरावांचा. हे गावभर केलं होतं खुद्द हिंदुरावांनीच. खडी-वाळूचा धंदा, दोन ट्रक, पांढरे कपडे. एवढं असल्यावर माणूस बोलणारच. खरेदीखतावर नाव बायकोचं, म्हणजे शालूचं होतं, पण कुणी विचारायच्या आधीच हिंदुराव खुलासा करून मोकळे व्हायचे. "बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांकात एक टक्का सुटतोय. नावाला मालकीण हाय ती. बाकी सगळं आपलंच."

आता खरी गोष्ट ऐका. फ्लॅटचा पैसा आला होता शालूच्या माहेराहून, लोणी काळभोरहून. तिच्या वडलांची जमीन विकली तेव्हा भावांनी हक्कसोडीचा कागद पुढे केला होता. बहीण सही करून मोकळी होते आणि भाऊ जन्मभर साडीचोळी करतो, असा तो रिवाज. शालू सही करायला निघालीच होती. हिंदुरावांनी तिला अडवलं. "कायद्यानं वाटा हाय तर सोडायचा कशापायी? साडीवर भागवणार काय जमीन?" बोलणं चुकीचं नव्हतंच म्हणा. शालूनं वाटा घेतला. भावांनी दारं लावली. त्यानंतर भाऊबिजेला तिला ना कुणी बोलावलं, ना कुणी आलं. आणि त्या पैशाचा फ्लॅट झाला, त्याच्या किल्ल्या जाऊन बसल्या हिंदुरावांच्या खिशात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त हा नागोबा घरातलाच असल्यामुळे कुणी काठी घेऊन धावलं नाही.

भाडं महिन्याला सव्वीस हजार, ते जायचं हिंदुरावांच्या खात्यात. त्यांच्या आयकराच्या विवरणात मात्र ते कुठेही दिसायचं नाही. आधीचे भाडेकरू कॉलेजची पोरं, त्यांना कशाशी काही देणंघेणं नव्हतं. मग ऋतुजा आली. यवतमाळची मुलगी, खराडीतच नोकरी. राहायला आली आणि दोन महिन्यांत फोन.

"काका, तुमचा पॅन नंबर लागेल. कंपनीत रेंट डिक्लेअर करायचंय."

"पॅन कशाला? भाडं देतीस, मी घेतोय. झालं की."

"वर्षाचं भाडं लाखाच्या वर आहे ना काका. ओनरचा पॅन नसेल तर मला सूट नाही मिळत, टॅक्स कटतो माझा. आणि ॲग्रीमेंटपण रजिस्टर करू या. नाहीतर मला दुसरा फ्लॅट बघावा लागेल. सॉरी हं."

सॉरी म्हणाली, पण आवाजात सॉरी कुठेच नव्हतं. ह्याआधी फ्लॅट चार महिने रिकामा पडला होता, सोसायटीचा देखभाल खर्च खिशातून भरावा लागला होता, आणि सडी पोरं चालणार नाहीत म्हणून सेक्रेटरीनं जीव नकोसा केला होता. पॅन द्यावा तर लपवलेलं भाडं उघड्यावर येणार, न द्यावा तर भाडेकरू जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हिंदुरावांनी शालूला बरोबर घेतलं, सही लागली तर असावी म्हणून, आणि हडपसरला पूर्णिमाताईंचं ऑफिस गाठलं. पूर्णिमाताई त्यांच्या सीए. बाई हुशार, पण जीभ शनिवार पेठेतली.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं भाडं घेत होतात आणि मला सांगितलं नाहीत. छान. डॉक्टरपासून दुखणं लपवण्याचा प्रकार आहे हा."

"चुकलं, ताई. आता मार्ग सांगा."

"मार्ग सरळ आहे. एकच सांगा, फ्लॅट कुणाचा?"

"आमचाच की."

"आमचा असं आयकर खात्याला चालत नाही. नाव या ताईंचं आहे, ते मला दिसतंय. पैसे कुणाचे? तुम्ही पैसे देऊन बायकोच्या नावावर घर घेतलं असेल, तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. तुम्ही वरच्या टप्प्यात, म्हणजे कर भरा, मागच्या वर्षांचाही, व्याजासकट. पैसे ताईंचे स्वतःचे असतील, तर भाडं त्यांचं. त्यांना दुसरं उत्पन्न नाही. दुरुस्तीपोटी तीस टक्के वजा केले की कर लागण्याइतकं काही उरत नाही. त्यांचं विवरण भरू आणि विषय संपला."

हिंदुरावांच्या जिवात जीव आला. एवढंच ना! ते लगेच शालूकडे वळले. "शालू, सांग ताईंना. पैसे तुझे होते म्हणून सांग." आणि ताईंना डोळा घालावा तसा चेहरा करून म्हणाले, "तसं लिहून टाका, ताई."

"तसं लिहून टाका म्हणजे?" पूर्णिमाताईंनी चष्मा काढला. "होते की नव्हते?"

होते की. शेवटच्या रुपयापर्यंत होते. जमिनीचा चेक शालूच्या खात्यात आला होता आणि तिथूनच बिल्डरला गेला होता, बँकेतली पोरंसुद्धा सांगतील. पण हिंदुरावांच्या तोंडाला ते वाक्य कधी लागलंच नव्हतं. खोटं बोलायला आलेला माणूस खऱ्यावर अडकला. गंमतच म्हणायची.

"होते," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही, ताईंना विचारलं."

शालू तोवर पदराचं टोक धरून बसली होती. तिनं ते सोडलं. "माझंच होतं, ताई. माझ्या बापाच्या रानातला माझा वाटा. त्यापायी माझं माहेर तुटलं. आई गेली तेव्हा मला दारात उभं केलं त्यांनी, आत घेतलं नाय. यांनी गावात फ्लॅट आपला म्हणून सांगितलं, मी कधी तोंड उघडलं नाय. आज तुम्ही विचारलं म्हणून सांगते. कुणी इचारलंच नव्हतं."

हिंदुराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली. दारात उभी केलेली शालू त्यांनी पाहिली होती. त्या दिवशी ते गाडीतच बसून होते आणि संध्याकाळी भाडेकरूला किल्ली द्यायला खराडीला गेले होते. हे आजवर त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

"बरं," पूर्णिमाताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा उतरला होता. "मग भाडं यापुढे ताईंच्या खात्यात. मागचं तुम्ही घेतलंत ते त्यांना परत करा. जमेल तसं करा, पण करा. मालकी एकीची आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात, हे उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"आन् तिच्या खात्यातनं मला लागले तर?"

"तो तुमचा घरचा प्रश्न. त्यात सरकार पडत नाही, आणि मी तर नाहीच."

पुढच्या रविवारी खराडीच्या फ्लॅटवर एजंट आला, शुभंकर नावाचा, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. करार आता असाच घरी बसून नोंदवतात. हिंदुराव सवयीनं कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले, मिशीवरून हात फिरवला.

"काका, तुम्ही नाही. मालक बसू द्या इथं."

शालू बसली. फोटो निघाला, अंगठा उठला. खाते क्रमांक तिनं न बघता, तोंडपाठ सांगितला. ऋतुजानं नवी मालकीण बघून हात जोडले आणि लगेच नळ गळतोय म्हणून तक्रार केली. शालू म्हणाली, उद्या प्लंबर पाठवते. हिंदुरावांना शुभंकरनं साक्षीदारात घेतलं.

परतताना मांजरीच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली तेव्हा हिंदुराव म्हणाले, "कागदापुरतं हाय हे सगळं, ध्यानात ठेव."

"व्हय की," शालू म्हणाली. "आजवर तोंडापुरतं तुमचं होतं. आता कागदापुरतं माझं."

महिना लागला. भाडं जमा झाल्याचा मेसेज शालूच्या फोनवर आला. त्याच आठवड्यात एका बिल्डरचं बिल अडकलं आणि ट्रक पंपावर उभे राहिले. हिंदुराव दोन दिवस इकडंतिकडं फिरले, मित्रांना फोन केले, आणि शेवटी ओट्याजवळ येऊन उभे राहिले. शालू भाकरी थापत होती.

"थोडे पैसे लागत होते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मान वर न करता विचारलं, "कशाला?"

साधाच प्रश्न. उभ्या संसारात हिंदुरावांना तो कुणी विचारला नव्हता. शालूला विचारायचे ते. तेलाला, मुलांच्या फीला, लोणीला जायच्या एसटीच्या भाड्याला, दरवेळी कशाला म्हणून. त्यांच्या कपाळावर आठी आली, तोंड उघडलं, आणि मग ती आठी आपोआप गेली.

"डिझेलला," ते म्हणाले.