ओट्यावरचा गोल डाग

मित्रांनो, मी एक जुना ग्रॅनाइटचा ओटा आहे. किती जुना ते विचारू नका, डोंगराच्या पोटात असताना वाढदिवस कोण मोजतंय! मला कापलं, घासून घासून चकचकीत केलं आणि दुकानात उभं केलं. तिथे आईने माझ्यावरून हात फिरवला. "हाच पाहिजे, राखाडी," ती म्हणाली आणि मी या घरचा झालो.

तेलपाणी आत मुरू नये म्हणून मला वरून एक पातळ लेप दिला होता. पाणी सांडलं की त्याचे मोती व्हायचे. पाहुणे म्हणायचे, "ओटा आहे की आरसा?" दगड असूनही मी फुगायचो.

मग आईला आजारी बहिणीकडे महिनाभर जावं लागलं. निघताना ती बाबांना म्हणाली, "काय हवं ते शिजवा. पण माझा ओटा खराब झाला, तर पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

बाबांना तोवर चहासुद्धा धड जमत नव्हता. पण त्यांना गोडी लागली हो! कांदा चिरताना गुणगुणायचे. त्यांची लेक, ताई, चाखून म्हणायची, "बाबा, आईला सांगू नकोस, पण हे तिच्यापेक्षा भारी झालंय." बाबा लाजायचे.

फक्त ती तेलाची गळकी बरणी रोज एकाच जागी. "दगडाला काय होतंय," म्हणायचे. एक दिवस उचलली, तर खाली काळपट गोल. पुसला, जाईना. मग त्यांना आठवलं, तांब्याची भांडी लिंबाने लख्ख होतात. झालं, अर्धं लिंबू घेऊन मला चोळ चोळ चोळलं. उरलासुरला लेपही गेला, बरणी पुन्हा तिथेच बसली, तिचं तेल थेट आत शिरलं, गोल वाढला. बाबांनी त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यांचं गुणगुणणं थांबलं. मला डागापेक्षा तेच जास्त लागलं.

ताईने पेपर उचलला. "हे काय लपवलंयस?"

"आई रविवारी येतेय," बाबा म्हणाले. "संपलं माझं स्वयंपाकघर."

"अरे, आत मुरलेलं तेल घासून कसं निघेल? ते बाहेर ओढायला पाहिजे."

तिने खाण्याच्या सोड्यात पाणी घालून घट्ट लगदा केला, डागावर थापला, वर प्लास्टिक चिकटवलं. दिवसभर माझ्यातलं तेल वर सरकत राहिलं. दुसऱ्या दिवशी पुसलं, तर डाग फिका. पुन्हा थापलं. डाग गेल्यावर मला नीट सुकू दिलं आणि नवा लेप चढवला.

आई आली. पिशवी खांद्यावरच, आधी माझ्यावरून हात. एका जागी बोट थांबलं, तिथली चमक जरा उतरलीच होती. बाबा दारातच उभे.

"लिंबू?" आईने विचारलं.

"हो. आणि त्याआधी तेल."

आई शेगडीकडे वळली. पातेल्यातलं चमचाभर चाखलं. पुन्हा चाखलं. मग कपाटातली एक बशी काढून बरणीखाली सरकवली.

"ही इथेच राहील," ती म्हणाली. "आणि उद्याचं जेवणही तुम्हीच करा."

मित्रांनो, आम्ही दगडही तेल पितो बरं का! सांडलं की लगेच टिपून घ्या. बरणीखाली बशी ठेवा. अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघा, मुरला तर नवा लेप द्या. आणि तरीही डाग पडलाच, तर निदान सांगा. पेपराखाली डाग जात नाही, नुसता माणूस गप्प होतो.