रेशीमघरातली डबी

मी भिंतीवरून बोलतोय. दाराच्या उजव्या अंगाला पांढरी चौकोनी डबी दिसते ना, ती मीच. माझ्या खोक्यावर ‘स्मार्ट थर्मोस्टॅट’ असं मोठ्या दिमाखात छापलेलं होतं, पण लिंबागणेशजवळच्या या वस्तीवर ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून माझी डबी झाली. डबी म्हणा, माझी हरकत नाही. फक्त माझ्याशी हुज्जत घालू नका. हवेत ऊब किती आणि ओल किती हे मला कळतं, आणि एकदा कळलं की मी कुणाचं ऐकत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती बीडच्या वासिफभाईंच्या दुकानात, कूलरच्या मोटारींशेजारच्या फळीवर. गिऱ्हाईक यायचं, मला उलटंपालटं करायचं आणि ठरलेलं विचारायचं: गारवा किती होतो, पाणी किती फेकतं, मोबाइलवर दिसतं का. ज्या मुलखात पाण्याची वाट बघण्यात उन्हाळा जातो, तिथं पाणी जास्त झालं असं कुणाला वाटतच नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण फळीवर बसून कंटाळलो होतो.

एका दुपारी वनमाला आली. पुढं तिचे सासरे मोहनराव, मागं नवरा सुग्रीव. मोहनराव गावचे माजी सरपंच. बसा म्हणायच्या आत खुर्चीवर बसणारे. त्यांच्या मनात भरला तो माझा शेजारी, काचेच्या तोंडाचा, रंगीत दिव्यांचा. वासिफभाई सरळ माणूस. ते मशीन फक्त गरमी बघतं, बंगल्यातल्या एसीला ठीक आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. मोहनरावांना ते आवडलं नाही. वनमालानं मात्र मला हातात घेतलं.

“ओल जास्त झाली, तर हे फवारा आपून होऊन बंद करतंय का?”

“बंद बी करतंय ताई, आन् पंखा लावून ओल भाईर बी काढतंय.”

“मग हेच द्या.”

पाणी बंद करायला कुणी मशीन विकत घेतं का, असं मोहनराव वाटेत जीपमध्ये तीनतीनदा म्हणाले. मी वनमालाच्या मांडीवर होतो. तिथंच मला सगळी हकिकत कळली. तिच्या रेशीमघरातली मागची बॅच ओलीनं गेली होती. कोष पोचट निघाले, बोटानं दाबलं की दबायचे. रेशमाच्या अळ्या पाळणं मोहनरावांना पहिल्यापासून कमीपणाचं वाटायचं. सरपंचाच्या रानात ऊस उभा दिसला पाहिजे. त्यांनी बजावलं होतं, ही बॅच गेली तर तुती मोडायची, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय. अळ्यांच्या पाल्यासाठी ती तुती वनमालानं स्वतःच्या हातानं लावली होती. अख्ख्या वस्तीवर तिचा शब्द चालायचा तो फक्त त्या रेशीमघरात. ते गेलं असतं तर तिला पुन्हा चुलीपुढं बसून सगळ्यांचं फक्त ऐकायचं होतं.

मला भिंतीवर बसवलं तेव्हा मोहनरावांनी नारळ फोडला. उदबत्तीही लावणार होते. अळ्यांना वास सोसत नाही म्हणून वनमालानं ती बाहेर तुळशीपाशी नेली, त्यावर ते दिवसभर घुश्शात होते.

अळ्या बारक्या होत्या तोवर माझं आणि मोहनरावांचं चांगलं जमलं. बारक्या अळ्यांना ओल लागते. हवा कोरडी झाली की मी फवारा सोडायचो, घरभर धुकं पसरायचं, आणि मोहनराव दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचे, “या, आमचं महाबळेश्वर बघा.” माणसाला आपल्या मालकीचं थंड वारं दुसऱ्याला दाखवायची लई हौस.

पण अळी पाला सोडते, पिवळसर होते आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर चढते, तेव्हा तिला कोरडी, खेळती हवा हवी असते. नेमकं त्याच दिवसांत आभाळ आलं. भुरभुर थांबेना. मी फवारा बंद केला, पंखा सुरू केला. वनमालानं माझ्या बटणांना कुलूप घातलं आणि ती रानात गेली.

आणि तलवाड्याचे पाहुणे आले. मोहनरावांचे राजकारणातले जुने सोबती. त्यांना महाबळेश्वर दाखवायचं होतं. मोहनरावांनी माझं बटण दाबलं. मी कुलपाचं चित्र दाखवलं. त्यांनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा दाखवलं. पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. तशी हातातली काठी माझ्या तोंडावर बसली आणि काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. दुखलं. पण फवारा मी सोडला नाही.

आमच्याकडं उन्हाळ्यात खिडक्यांना ओली गोणपाटं लावतात. उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. मोहनरावांनी सुग्रीवला तीच भिजवून आणायला लावली, पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांवर टांगली आणि एक माझ्या तोंडावरही टाकलं. सुग्रीव बापापुढं कधी बोलला नव्हता. गोणपाटाखाली माझा जीव कोंडला. त्यापेक्षा मला त्या विणणाऱ्या जिवांची जास्त काळजी वाटत होती, कारण वारं अडलं होतं.

वनमाला आली तेव्हा पाहुणे चहा पीत होते. तिनं आधी माझ्या तोंडावरचं गोणपाट काढलं, मग खिडकीकडं वळली. मोहनराव आडवे आले.

“पाव्हण्यांपुढं मला खाली बघाया लावतीस का?”

“मामा, पाव्हणे चहा पिऊन जातील. ह्या अळ्या आपलं घर बांधायल्यात. तुती मोडायची तर उद्या मोडा, पर कोष निघंपर्यंत हितं माझंच चालंल.”

ती ओरडली नाही. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. मग सुग्रीव उठला, बापाकडं न बघता त्यानं पलीकडचं गोणपाट ओढून काढलं. माझ्या पंख्याला वाट मिळाली.

कोष काढायच्या दिवशी ट्रॅक्टर खरंच बांधावर येऊन उभा होता. मोहनराव आत आले. आधी पश्चिमेच्या खिडक्यांकडंच गेले, तिथला कोष बोटात धरून दाबला. तो दबला. दुसराही दबला. गोणपाटं जिथं लोंबली होती, तिथले कोष सगळे तसेच होते. मधल्या जाळीवरचा एक कोष वनमालानं काढला, त्यांच्या कानाशी नेला आणि हलवला. आतला कोषकिडा टकटक वाजला. मोहनरावांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला, खड्यासारखा टणक होता. मग ते एकटेच एकेका जाळीपुढं थांबत, कोष कानाशी नेत पार शेवटापर्यंत गेले.

बाहेर जाऊन त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला एवढंच सांगितलं, “माघारी ने.”

सुनेची माफी त्यांनी मागितली नाही, माझी तर नाहीच. तडा अजून तसाच आहे आणि त्यातून माझा एक आकडा अर्धाच दिसतो. वनमालाला तो अर्धाही वाचता येतो. सध्या आत नवी बॅच चंद्रिकेवर चढलीय आणि बाहेर पुन्हा आभाळ भरलंय.

मला हार नको, नारळ नको, कीव तर मुळीच नको. एकच मागणं आहे, माझं तोंड झाकू नका. कुणाला राग आला तर त्यानं खुशाल काठी उचलावी. काच फुटेल, आकडा बदलणार नाही.