पासरी हलली नाही

मी पासरी बोलतेय. पाच शेरांचं लोखंडी वजन. स्वस्त मालाला तुम्ही 'पैशाला पासरी' म्हणता, तेव्हा मला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही.

जन्म माझा ओतकामाच्या भट्टीत झाला, पण शहाणपण आलं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत. एका पारड्यात मी, दुसऱ्यात तंबाखू. गिऱ्हाईक काट्याकडे बघायचं, व्यापारी गिऱ्हाइकाकडे आणि मी दोघांकडे. एकदा फरशीवर आपटून माझा टवका उडाला. खोटं वजन ठरले नि मोडीत गेले. माणसांचे टवके उडाले तरी त्यांना कुणी मोडीत काढत नाही. निदान पुरुषांना तरी.

तिथून मला जोतिरामनं उचललं. शहापुरातल्या विणकराचा हा मुलगा बेळगावच्या लष्करी बांधकाम कचेरीत नकाशे काढायचा. त्याला भूकंपाचं वेड. मागच्या खोलीत त्यानं जमिनीत खोल दगडी खांब रोवला, आणि त्याला फाटक टांगावं तसं मला आडव्या दांडीवर, वरून तार देऊन टांगलं. दांडीच्या टोकाला सुई. सुईपुढे काजळी धरलेला कागद, जुन्या घड्याळाच्या चाकांवर हळूहळू फिरणारा.

नवी नवरी अंजनी दारातूनच बघत होती. बोलणं कमी, बघणं जास्त.

"आत ये की. चावत न्हाय ती," जोतिराम म्हणाला. "जमीन हलली की खांब हलतो, कागद हलतो. ही जड, ही जाग्यावरच ऱ्हाती. म्हणून सुई रेघ काढती."

"म्हंजे न हलणं हेच हिचं काम?"

"व्हय."

"मग सासरी बरी नांदंल."

तो इतका हसला की तिच्या सासूबाई मालुबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या सोडून बघायला आल्या.

भूकंप होतो कसा, तेही त्यानं तिला घरातलंच उदाहरण घेऊन सांगितलं. मागावरचा उभ्या सुतांचा ताणा ओढत गेलं की तो सोसतो, सोसतो आणि एका जागी तुटतो; झटका साऱ्या मागाला बसतो. जमिनीखालचा खडक तसाच. वर्षानुवर्षं वाकतो, एके दिवशी तुटून सरकतो आणि झटक्याच्या लाटा चहूकडे निघतात. पहिली लाट वेगाची, ढकलत येणारी. दुसरी तिच्या मागून, डोलवत येणारी.

"एक सायकलवर निघाला, एक चालत. दोघांच्या येण्यात जेवढा येळ जास्त, तेवढं गाव लांब."

अंतर असं कळतं. दिशा मात्र कळत नाही. ठिकाण नेमकं सापडायला आणखी दोन गावची यंत्रं लागतात.

पुढं त्याची बदली पार उत्तरेच्या सरहद्दीकडं, क्वेट्ट्याच्या छावणीत झाली. "बिऱ्हाडाला जागा मिळाली की न्यायला येतो. तवर कागद बदलत जा." अंजनीनं त्याच दिवशी ट्रंक भरून ठेवली. रोज सकाळी कागद बदलायचा, मग ट्रंकेवरची धूळ पुसायची. कागदावर मिळायचं काय? शेजारचे माग आणि मालुबाईंचं मिरची कांडणं.

१९३५ च्या मे महिन्यातली ती शेवटची सकाळ. कागद काढायला आलेली अंजनी थबकली. आधी बारीक थरथर, पुढे बरीच मोकळी जागा, आणि मग हेलकावे, पार कागदाच्या कडेपर्यंत.

"आत्याबाई, आलं बघा, आलं!"

"कोन? जोतिराम?"

"न्हाय. भूकंप!"

मालुबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बया, आन् हसतीयास?"

"आपल्याकडं न्हाय वो. लई लांब झालाय. त्येंचं यंत्र चाललं!"

तिनं गल्लीत साखर वाटली. शेजारीण भावकू म्हणाली, "मला वाटलं, पोटुशी हाईस. मशिनीला पोर झालं व्हय!" सगळ्या हसल्या. अंजनीही हसली, पदर तोंडाला लावून. मीही खूष होते. खोटं वजन म्हणून टाकलेली मी, खरं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारात वर्तमानपत्र आलं. क्वेट्टा शहर रात्रीत भुईसपाट झालं होतं.

तार यायला आठवडा गेला. कचेरीतला जोतिरामचा सोबती परशराम, टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"छावणीतली लोकं वाचली, वैनी. त्यो गावात खोली घिऊन ऱ्हायलता. तुमास्नी न्यायचं म्हणून."

मालुबाई जागीच बसल्या. गल्लीत कुजबुज झाली, "हिनं साखर वाटली गं." जिनं तिनं ती खाल्लीही होती.

अंजनी माझ्याकडे आली. काजळी पुसली जाऊ नये म्हणून त्यानं शिकवल्याप्रमाणे तिनं तो कागद लाखेच्या पाण्यातून काढून वाळवला होता. त्यावरच्या पहिल्या थरथरीवर तिनं बोट ठेवलं. ही रेघ इथं उमटली तेव्हा तिथं छप्पर पडून गेलं होतं. मग दोन्ही हातांनी तिनं मला गदागदा हलवलं.

"घर पडलं, गाव पडलं. तू का न्हाय हाललीस गं?"

तिनं सोडल्यावर मी झुलत झुलत माझ्या जागेवर आले. मला तेवढंच येतं.

घरचे मला अवदसा म्हणून मोडीत घालायला निघाले, तेव्हा ती एकदाच बोलली, "काढायची न्हाय." कागद बदलणं तिनं सोडलं नाही. पण मोठी रेघ उमटली की ती त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करते, सुतक धरते, घास घेत नाही.

"कुनाचं पाळतीयास?" मालुबाईंनी विचारलं.

"ठावं न्हाय. ज्येंचं हाय त्यास्नी अजून कळलं नसंल."

एकदा तिथं जाऊन ती जागा बघायची, एवढं तिच्या मनात होतं. कोण नेणार? यंदा, सत्तेचाळीस साली, परशराम सांगून गेला की देश मोकळा झाला आणि क्वेट्टा पाकिस्तानात गेलं.

"म्हंजे लांब गेलं?"

"न्हाय वैनी. हाय तितकंच हाय."

ती उठली आणि ट्रंकेवरची धूळ पुसायला लागली.

घड्याळाची चाकं आता अडकतात. कागद कधी फिरतो, कधी नाही. तरी ती रोज येते, काजळी धरते, सुई टेकवते. माझं एवढंच मागणं आहे, ती येते तोवर मला इथून उतरवू नका. ती यायची थांबली की खुशाल न्या.