कोंबड्यांना तूस, मला गोणपाट

कोंबडीची घाण ओल धरून कुजली की तिचा वास आधी डोळ्यांत जातो. डोळे चुरचुरतात, पाणी येतं, मग नाकाला कळतं आणि शेवटी पोटाला. लग्न होऊन मी दिवेआगरच्या अलीकडच्या या गावात आले, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात हे शिकले.

आमच्या घरात दर महिन्याला चार दिवस बाहेर बसावं लागे. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. भातलावणीला माणूस मिळत नसताना धडधाकट बाईला कोण बसवून ठेवणार? पण माझ्या सासूबाई, आवडाबाई, तरुणपणी देवळाजवळच्या एका वाडीत सुपारी सोलायला जात. तिथल्या बायकांचं सोवळंओवळं बघून त्यांनी ते घरी आणलं. नव्या लुगड्याला जपावं तसं त्या त्याला जपत.

बाहेर बसायचं म्हणजे मागच्या पडवीत. एका अंगाला जमीन कोरडी होती. तिथं चटई टाकून मी बसायची, दुपारी जरा पाठ टेकायची. जेवण लांबून सरकवत, त्याचा राग यायचा, पण जागा चांगली होती, खोटं कशाला बोलू.

मग पंचायत समिती नवी झाली आणि आमचे ग्रामसेवक शिवदासभाऊ पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या घेऊन दारात उभे राहिले. सरकारी योजना होती. खुराडं नमुन्याप्रमाणे बांधायचं, बांबूचं, जाळीचं, वाकून आत जाता येईल एवढं मोठं. आणि जागा कोरडी हवी. झालं, माझी कोरडी बाजू कोंबड्यांना गेली. माझी चटई मोरीच्या बाजूला आली. तिथं पावसाळाभर जमीन पाझरायची.

"आत्याबाई, मी हितं कशी बसू? खाली पाणी हाय," मी सासूबाईंना म्हटलं.

"चार दिस तर बसायचं. कोंबड्यांना बारा म्हयने ऱ्हायाचं हाय," त्या म्हणाल्या.

मला काही माडी नको होती. बसायला कोरडी जागा हवी होती, बाकी काही नाही.

शिवदासभाऊंनी बजावून सांगितलं होतं, "कोंबडीच्या पायाखाली कोरडं, मऊ आणि चांगलं वीतभर जाड काहीतरी पसरा. ओल लागली की पाय सुजतात, छाती भरते, अंडी बंद." आवडाबाईंनी ते मंत्रासारखं पाठ केलं. माझा नवरा बाळाजी समुद्राच्या पुळणीवरून वाळूच्या पाट्या घेऊन आला. पण ती खारी वाळू. पावसाळी हवेत तिनं ओल ओढून घेतली आणि आठवड्यात घाणीसकट तिचा रबडा झाला. कोंबड्यांना ते सोसेना, म्हणून वाळू काढली. आणि ती कुठं टाकली? माझ्या कोपऱ्यात.

"वाया कशाला घालवायची? तिथं चिखल हाय, त्यावर पसर," आवडाबाई म्हणाल्या.

वाळूनंतर सुरूच्या झाडाखालची काडीकाडी पानं आली. ती दबून, चिकटून, न विंचरलेल्या केसांसारखी झाली. तीही माझ्याकडे आली. मग पेंढा. तो दिसायला छान, पण खालून कुजला आणि त्यात कोंबड्यांच्या उवा झाल्या. त्या उवा माझ्या पोलक्यात शिरल्या. मी रात्रंदिवस खाजवत होते आणि त्या महाराण्या नव्या अंथरुणावर पाय झाडत फिरत होत्या. वर ही सगळी उलथापालथ माझ्याच हातून. त्या दिवसांत मी बाटलेलीच, तेव्हा घाणीत हात घालायला माझ्याइतकं सोयीचं कोण? अंड्यांना मात्र माझं बोट लागता कामा नये. घाण माझी, अंडी त्यांची.

मी बाळाजीला सांगितलं. माणूस वाईट नाही. पण त्याचा चांगुलपणा तोंडाबाहेर कधी पडत नाही. "आयेला कशाला दुखवायचं? जरा दमानं घे," एवढंच तो बोलला. मला त्याचीही किळस आली, उवांइतकीच.

शेवटी बोर्लीच्या भाताच्या गिरणीतून तूस आलं. गोणी उघडली तेव्हा मी बाजूलाच होते. पिवळंधमक, हलकं, करकरीत कोरडं. मी खुराड्यात ते पसरलं, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. हाताला ऊब लागत होती. कोंबड्यांनी उकरलं की ओलं खाली जाई, कोरडं वर येई, आणि वास म्हणून नाही. शिवदासभाऊ खूश, आवडाबाई खूश.

"आत्याबाई, एक गोण माझ्या कोपऱ्यात घालू?" मी विचारलं.

त्या खो खो हसल्या. "का गो? तू काय अंडी घालतेस?"

लग्नाला दुसरं वर्ष सरत होतं आणि माझी कूस रिकामी होती. बाळाजी तिथंच उभा होता. तो गोणी झटकत राहिला.

मग तालुक्याहून मोठे साहेब खुराडं बघायला येणार असं ठरलं. साहेबांना आवडलं तर आणखी कोंबड्या मिळणार होत्या. नेमकी मी बाहेरची. सकाळीच आवडाबाईंनी मोरीपुढं गोणपाट बांधलं. "त्याच्यामागं बस. सायेब जाईस्तोवर हू का चू करू नको."

मी बसले. खाली जुना पेंढा होता, त्यात मोरीचं पाणी झिरपत होतं. पोटात कळा येत होत्या. थोड्या वेळानं पोटरीवर काहीतरी गार हललं. लुगडं वर करून बघितलं तर पांढऱ्या अळ्या, जाडजूड, खाऊन माजलेल्या. एक गुडघ्यापर्यंत चढली होती.

मी उठले. गोणपाट बाजूला सारलं, सरळ खुराड्याशी गेले, कडी काढली आणि वाकून आत शिरले. मधोमध, तुसावर मांडी घालून बसले. कोंबड्यांनी गिल्ला केला आणि मग गप्प बसल्या. लाज वगैरे काही वाटली नाही. खूप दिवसांनी माझ्या बुडाखाली कोरडं होतं. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

साहेब आले. जाळीतून बघत म्हणाले, "आत कोण बाई बसलीय?"

शिवदासभाऊंनी बाळाजीकडे बघितलं. बाळाजीनं माडाच्या शेंड्याकडे बघितलं.

"सून हाय, सायेब. तूस सारखं करतेय," आवडाबाई घाईनं म्हणाल्या. "ये गो भाईर."

"न्हाय येत. हितं कोरडं हाय."

"का? तिकडं काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

आता ते कोण सांगणार? परक्या पुरुषांसमोर ते नाव काढायचं कुणी? आवडाबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला बाहेर काढायचं तर शिवायला हवं. मी त्यांच्याकडे बघत बसले. म्हटलं, बघू तुमचं सोवळं.

आवडाबाईंनी आत हात घातला, माझं मनगट धरलं आणि मला ओढून बाहेर काढलं.

मी वाट बघत उभी राहिले. आता ही किंचाळेल, विहिरीवर धावेल, डोक्यावरून पाणी ओतेल. साहेबांनी मूठभर तूस हातात घेऊन चोळलं, वास घेतला आणि "उत्तम" म्हणाले.

"चहा टाकते सायेब, बसा," म्हणत आवडाबाई घरात गेल्या. विहिरीकडे त्यांनी बघितलंही नाही. मी त्यांच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत गेले. मला कुणी अडवलं नाही. ज्या हातानं मला ओढलं होतं, त्याच हातानं त्यांनी आधण ठेवलं, त्यात चहाची पूड टाकली.

"साखर कुठं ठेवलीस गो?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

मी फळीवरून डबा काढून दिला. माझ्या हातातून त्यांनी तो घेतला. आमची बोटं एकमेकांना लागली. त्यांनी चमच्यानं साखर घातली, ढवळली आणि कपबशा माझ्या हातात दिल्या. "ने भाईर. आणि जरा हसतमुख ऱ्हा."

मी कपबशा नेऊन दिल्या. साहेब चहा प्यायले, बाळाजी प्यायला, शिवदासभाऊंनी बशीत ओतून भुरके मारले. कुणालाही काही झालं नाही. एका साहेबाच्या चहापुढं जे टिकलं नाही, त्यासाठी मी महिनोन्महिने त्या घाणीत बसले होते. मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि ओकले. पोटात काही उरलं नव्हतं, तरी ओकतच राहिले.