पोटात फुलं लावलेला मचवा

मी मचवा बोलतोय. ऐकायचं तर उभ्यानं ऐका. माझ्यात बसायला आता जागा नाही. पोटात माती भरली आहे आणि मातीत लाल फुलं लावली आहेत.

माझा तळ एकाच खोडाचा. ते झाड दक्षिणेच्या रानातलं. चौघांनी हात धरले तरी कवेत मावत नव्हतं. सुतारानं ते पोखरलं, दोन्ही बाजूंना फळ्या चढवल्या, सांध्यांत डांबर भरलं. आता तसं झाड मागायला जाल तर कुंपण लागेल. ते रान परदेशी माणसानं भाड्यानं घेतलं आहे.

बिराम सार माझा मालक. त्यानं मला पिवळा, निळा आणि तांबडा रंग दिला. एका बाजूला पीरबाबाचं नाव काढलं, दुसऱ्या बाजूला आपल्या आईचं. पुढच्या टोकाला, नाळीवर, चामड्यात शिवलेला ताईत बांधला आणि वर शकुनाचं दही ओतलं. मग साठ माणसांनी खांद्यानं रेटून मला केर म्बाल गावच्या पाण्यात उतरवलं. सेनेगलच्या किनाऱ्यावर माझ्याहून देखणे मचवे असतील. माझ्याहून सरळ चालणारा नव्हता.

आणि मला वाटा होता. मासळीचे वाटे पडत, तेव्हा खलाशांना एकेक वाटा, जाळ्याला वाटा, इंजिनाला वाटा आणि मला वाटा. त्यातून माझा रंग, माझ्या फळ्या. तुमच्या घरातल्या खुर्चीला वाटा आहे का? नाही ना? मग मला लाकूड म्हणू नका.

आमची एक रीत होती. मचवा वाळूला लागला की भांडं घेऊन येईल त्याला ओंजळभर मासळी द्यायची. विधवा, आंधळा, आळशी, कोणीही असो. मासळी समुद्राची, आम्ही फक्त आणणारे. उरलेली तारली बायका विकत घेत आणि मातीच्या भट्ट्यांवर धुरी देऊन सुकवत. धुराची तारली आत दूर, जिथं समुद्राचं नावही नाही तिथपर्यंत जाई. गरिबाच्या भाताला तीच चव.

भट्टीवाल्या चाळीस जणी. त्यांत सगळ्यांत म्हातारी दाबा न्जाय. नवरा समुद्रानं नेला, सहा पोरं तिनं त्या धुरावर वाढवली. डोळे कायम लाल. लोक म्हणत, रडून झाले. ती म्हणे, "रडायला वेळ कुणाला होता? धुरानं झालेत."

मग गुंतवणूक आली.

ती आली तेव्हा मोठा मांडव घातला होता. राजधानीचे साहेब म्हणाले, शेती, वनं आणि मासेमारी या तिन्हींत बाहेरचा पैसा येणार, देश वर जाणार. किती वर, ते नाही सांगितलं. किनाऱ्यावर पत्र्याचा कारखाना उभा राहिला. तो तारलीचं पीठ करणार होता. ते पीठ जहाजातून परदेशी जाणार आणि तिथं तळ्यात पाळलेल्या माशांना घालणार. म्हणजे आमच्या माशानं तिकडच्या माशाचं पोट भरायचं. आमच्या पोटाचं काय, ते कुणी विचारलं नाही. मांडवात जेवण चांगलं होतं.

बिरामला कारखान्यानं नवं इंजिन दिलं. नवं जाळं दिलं. एका कागदावर अंगठा घेतला. कागदात लिहिलं होतं, मचव्याची सगळी मासळी कारखान्याला. सगळी म्हणजे सगळी. बिराम वाईट माणूस नाही. त्याला इंजिन आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

मांडवात आणखी एक गोष्ट झाली. आमच्याकडे पाहुण्याला गावचं नाव देतात. कारखान्याचा मॅनेजर गोरापान, गोल, हसरा माणूस. त्याला नावाची हौस आली. म्हणाला, "मला मोठ्या घराण्याचं द्या." पेट्या उचलणाऱ्यांच्या मुकादमाचं आडनाव जोप. तो ओरडला, "जोपांपेक्षा मोठं कोण आहे?" झालं. पुढं सांबा लावलं आणि मॅनेजर झाला सांबा जोप. त्यानं ते टोपीवर शिवून घेतलं. त्याला वाटलं, नाव म्हणजे हार. गळ्यात घालायचा, फोटो काढायचा, उतरवून ठेवायचा.

मागच्या रांगेत दाबा खुदकन हसली. "बरं झालं," शेजारणीला म्हणाली, "मला एक गुलाम मिळाला."

जोप आणि न्जाय या दोन आडनावांचं थट्टेचं नातं. पिढ्यान् पिढ्यांचं. न्जायनं जोपाला काहीही म्हणावं, अगदी गुलामसुद्धा, जोपानं न्जायला काहीही म्हणावं, रागवायचं कुणीच नाही. न्जायनं हात पसरला तर जोपानं भरायचा. न भरला तर माणसात गणती नाही. हे मॅनेजरला कुणी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

सहा महिन्यांत वाळूवरची भांडी रिकामी परत जाऊ लागली. बिराम प्रत्येक म्हातारीला मान खाली घालून म्हणे, "कागद आहे, आई." एकेक भट्टी विझली. चाळीसच्या तीन उरल्या. दाबाची भट्टी त्या तिनांत नव्हती. भट्टीच्या राखेत कोंबड्या अंडी घालू लागल्या. ती तिथंच बसून राही.

मग कारखान्याच्या दुसऱ्या शेडचं उद्‌घाटन ठरलं. राजधानीचे साहेब परत आले, भांडवलवाले आले, कॅमेरे आले. मी भरलेला वाळूला लागलो होतो. पेट्या वर चालल्या होत्या. तेवढ्यात दाबा डोक्यावर भलं मोठं घमेलं घेऊन आली आणि पेट्यांच्या ढिगावर ठाण मांडून बसली.

"सांबा! ए सांबा जोप! बाहेर ये, तुझी मालकीण आलीय!"

मॅनेजरनं मुकादमाला विचारलं, "ही कोण बाई?"

"तुमची नातेवाईक, साहेब."

"माझी?"

"तुम्ही जोप ना? ती न्जाय. तिनं मागितलं की आपण द्यायचं. आणि हसत द्यायचं."

दाबाला चेव आला. "जोप म्हणजे खादाड हे ठाऊक होतं मला. भाताचं पातेलं दिसलं की झाकणासकट गिळणारे! पण हा त्यांचाही बाप. हा अख्खा समुद्र गिळून बसलाय आणि ढेकर द्यायला तयार नाही!"

सगळा किनारा हसला. पेट्या उचलणारे हसले, आणि हसताना त्यांनी पेट्या खाली ठेवल्या. मॅनेजर टोमॅटोसारखा झाला. पहारेकऱ्याला म्हणाला, "उचल तिला."

पहारेकरी दोन पावलं मागं सरला. "मीपण जोप आहे, साहेब. न्जायच्या अंगाला हात लावला तर माझी आई मला घरात घेणार नाही."

"रागावला!" दाबानं टाळी वाजवली. "बघा रे, जोप रागावला! नाव घेतलं आणि अक्कल घ्यायला विसरला!"

आता राजधानीच्या साहेबांनी काहीतरी बोलायला हवं होतं. ते खाकरले. माणूस कितीही मोठा झाला तरी आडनाव सुटत नाही. ते म्हणाले, "मीपण न्जाय आहे, सांबा. एक पेटी माझ्या बहिणीला दे, आणि माझ्या गाडीतपण एक टाक. गुलामानं मालकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं." भांडवलवाले एकमेकांकडे बघत राहिले. कॅमेरे चालूच होते.

मॅनेजर शेवटी हसला. हसावंच लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक मचव्यामागं एक पेटी भट्टीवाल्या बायकांना. कागद नाही, अंगठा नाही. नुसतं आडनाव.

भट्ट्या पुन्हा धुमसल्या. चाळीस नाहीत, अठरा. दाबाची पहिली. रोज सकाळी ती कारखान्याच्या दारात सांबाला दोन शिव्या घाली आणि पेटी नेई. तोही शिकला. एकदा म्हणाला, "न्जाय फार खातात." बाया पोट धरून हसल्या. मला वाटतं, त्या वर्षी तो माणूस होत चालला होता. म्हणूनच त्याची बदली झाली.

नवा मॅनेजर बारीक आणि अबोल. गावानं मांडव घातला, बकरं कापलं, नाव द्यायला मुखिया उठला. मॅनेजरनं हात वर केला. "माझं नाव मला पुरे आहे." मागून कळलं, कंपनीनं नियमच काढला आहे: अधिकाऱ्यानं गावचं नाव घेऊ नये. इतक्या गुंतवणुकीनंतर आमच्याबद्दल ते एवढी एक गोष्ट शिकले.

पेटी बंद झाली. दाबा दारात उभी राहून ओरडे, "नाव घेतलं नाहीस म्हणून काय झालं? नाव आम्ही देतो! बाहेर ये, जोपा!" काच बंद. आत गारवा. त्याला ऐकू येत नसे.

आणि मग मासळीच आटली. आम्ही तीन-तीन दिवस बाहेर राहायचो आणि बर्फ घेऊन परत यायचो. बिरामनं इंजिन परत केलं, कारण ते त्याचं कधीच नव्हतं. मला विकलं. कंपनीनं घेतलं आणि आपल्या पाहुणेघरासमोरच्या हिरवळीवर ठेवलं. पोटात माती, मातीत फुलं, समोर पाटी. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. शेती, वन आणि मासेमारी म्हणत होते ना? लाकूड रानाचं, मचवा समुद्राचा, वर बाग. तिन्ही एकाच जागी झाली.

बिरामला कंपनीनं माळी ठेवलं. रोज सकाळी तो झारीनं मला पाणी घालतो. तीस वर्षं ज्यानं माझ्या पोटातलं पाणी उपसलं, तो आता ते भरतो. माझ्याकडे बघत नाही. मीही त्याला काही म्हणत नाही.

परवा दाबा कुंपणाशी आली. आता काठी धरते. डोळे पांढरे झालेत. धूर नाही ना.

"बिराम, हा कुजायला लागलाय."

"हो, आई. तळाशी माती ओली राहते."

"फेकणार असतील तर लाकूड मला दे. चांगलं लाकूड आहे. भट्टीला लागेल."

"भट्टीवर ठेवणार काय, आई?"

दाबानं कुंपणातून हात घालून माझ्या फळीवर ठेवला. बिरामच्या आईचं नाव तिथं अजून पुसट दिसतं.

माझं मागणं एवढंच आहे. मला दाबाच्या भट्टीत घाला. तारलीखाली जळायची मला लाज नाही. जन्मभर तीच वाहून आणली. पण आधी तारली आणा. नुसत्या राखेसाठी मी जळणार नाही. तोवर इथंच उभा आहे, पोटात फुलं घेऊन. फोटो काढायचा तर काढा. नाळीवरचा ताईत तेवढा दिसू देऊ नका. तो समुद्रासाठी होता.