उत्तरेची भिंत

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी एल्फिदा आर्चुलेटाने चर्चच्या उत्तर भिंतीवर पहिला घाव घातला. हाताएवढा सिमेंटचा पापुद्रा निखळला. मागची मातीची वीट काळपट, ओली होती.

एल्फिदा सत्तरीची. न्यू मेक्सिकोतल्या या डोंगरगावात तिच्या पणजीपासून घरच्या बायका दरवर्षी मातीने, हातांनी चर्च लिंपत आल्या. १९६८ साली पुरुषांनी सिमेंट चढवलं. बायकांचे दरवर्षीचे कष्ट वाचावेत म्हणून. भिंतीत शिरलेलं पाणी मग तिथेच कोंडलं. गेल्या उन्हाळ्यात शहरातून आलेल्या इंग्रिड नावाच्या इंजिनिअर मुलीने रडारने भिंतीचं पोट तपासलं, ‘सिमेंट काढा’ असा अहवाल दिला आणि रोजच्या नोंदींसाठी ओल मोजायचं यंत्र एल्फिदाच्या हाती ठेवलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या शहरातल्या कार्यालयाने निर्णय मार्चवर ढकलला आणि दाराला कुलूप लावलं.

साडेसातला उबाल्डो आला. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा, तिचा धाकटा दीर.

“वहिनी, शिडीवरून उतरा. परवानगी आलेली नाही.”

“पाणी कुणाची परवानगी काढून आत शिरलं, भाऊजी?”

“मार्चपर्यंत थांबा म्हणालेत.”

“शनिवारी बर्फ आहे. ओल गोठली की फुगते. भिंत नाही थांबायची.”

तो खाली पडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला. “बाबांनी लावलंय हे. एकेक घमेलं स्वतः चढवलं त्यांनी.”

“मामंजी चांगलेच होते. सिमेंट वाईट होतं.” तिने यंत्राच्या सुया विटेत टोचल्या. “वाचा. चष्मा आणलाय ना?”

“सतरा टक्के.”

“चौदाच्या वर वीट भार पेलत नाही. हे त्या पोरीने लिहिलंय, मी नाही.”

“आणि अंगावर कोसळली तर?”

“तर कुलूप तुम्हालाच उघडावं लागेल. मला शेवटचं आत न्यायला.”

तो निघून गेला.

बुधवारी काम थांबवण्याचं पत्र आलं. उबाल्डोने ते हुकमाप्रमाणे दाराला चिकटवलं. एल्फिदाने ते शांतपणे वाचलं आणि शिडी दोन हात पुढे सरकवली.

गुरुवारी तो छिन्नी घेऊन आला. कोपऱ्यात त्याच्या वडिलांनी ओल्या सिमेंटमध्ये बोटाने तारीख लिहिली होती. तो तुकडा त्याने फोडला नाही. तासभर कडेने खरवडून अख्खा काढला आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवला. मग शिडीचा पाय धरून उभा राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निम्मी भिंत उघडी होती, वर ताडपत्री बांधलेली. पत्र दारावरच होतं. यंत्राने साडेपंधरा दाखवले; चौदाला अजून दीड बाकी.